शालू न्यायला येण्याआधी

पार्से, पेडणे
ता. २२ जानेवारी २०२५

चि. गौरवीस बाबाचे अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन आला तेव्हा मी "ये, ये" म्हणालो खरा, पण फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ सोप्यावर तसाच बसून राहिलो. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी जीभ अडते. दशावतारात रात्रभर राजसभा गाजवणारा मी, पोटच्या पोरीपुढे मुका. म्हणून लिहितो आहे. गावचा गोकुळदास उद्या कामाला तुझ्या साखळीला जातोय, त्याच्या हाती देईन. रविवारी तू यायच्या आधी एवढे वाच.

इकडे सगळे ठीक आहे. काजींना मोहोर बरा आलाय, टिकला म्हणजे मिळवली. शेजारच्या कमलाक्षीकाकीचे गुडघे दुखतात, तोंड मात्र ठणठणीत आहे. मांद्र्याच्या एका गेस्टहाऊसवाल्याने पाहुण्यांसाठी अर्ध्या तासाचे दशावतारी नाटक बसवून द्या म्हणून निरोप धाडला होता. अर्ध्या तासात आमचा गणपतीसुद्धा आत जात नाही, असे त्याला कळवले. तुझ्या होणाऱ्या सासरी, साईशरावांच्या घरची मंडळी बरी असतील. त्यांच्या आईला माझा नमस्कार सांग.

मी बरा आहे. म्हणजे तसा बरा आहे. कंबरेचे ते परत आले आहे.

तुला मी आजवर 'घामाची पुटकुळी' एवढेच सांगत आलो. ते गजकर्ण आहे बाय, आणि दोन वर्षे झाली. माझ्यासारख्या स्त्रीपार्ट करणाऱ्याच्या कंबरेला पट्टा करकचून बांधलेला असतो, वर साडी, वर दिव्यांची धग. सकाळी सोडले की पिळून घ्यावे इतका घाम. आणि आमच्या नाटक मंडळीची रीत तुला ठाऊकच आहे. एकदा हंगाम सुरू झाला की कपडा पाण्यात घालायचा नाही, उन्हात टाकायचा आणि संध्याकाळी पुन्हा अंगावर. जरतार काळी पडते म्हणून आमच्या आधीच्यांनी ठरवले, आम्ही पाळत आलो. राक्षसाची कामे करणाऱ्या शंभूलाही हेच झालेले. त्याने त्याची मलमाची नळी माझ्या हातावर ठेवली. "लाय रे, दोन दिसांनी थंड पडटा." पडले की थंड! पंधरा दिवसांनी दुप्पट होऊन आले. मग ती नळी मंडळीत देवळातल्या तीर्थासारखी हातोहात फिरली, आणि गजकर्णही फिरले. मी टाकळ्याचा पाला चोळला. कोणीतरी सांगितले म्हणून काजूच्या सालीचे तेल लावले, त्याने कातडी सोलून निघाली आणि आठ दिवस मला पाठ टेकता आली नाही. लोकांत बसलो की खाजवायची चोरी. पंगतीला मी कोपरा धरू लागलो. तुझ्या साखरपुड्याला मी कोणाच्या गळ्यात पडलो नाही, तुझ्यासुद्धा नाही. "बाबा कोरडे वागले" असे तू मावशीला म्हणालीस, ते माझ्या कानावर आले. कोरडा नव्हतो गं, घाबरलो होतो.

शेवटी म्हापशाला चामडीच्या डॉक्टरांकडे गेलो. आधी त्यांनी त्या मलमावरून मला झाडले, मग पावसाळाभर गोळ्या दिल्या. टॉवेल, चादरी, गंजी, सगळे कढत पाण्यात धुवायचे, उन्हात वाळवायचे, वर इस्त्री मारायची. मी सगळे केले. मंडळी पावसात घरीच असते. चतुर्थीपर्यंत कातडी लख्ख झाली आणि डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या.

तुळशीच्या लग्नाला तू आलीस आणि म्हणालीस, "बाबा, म्हाका लग्नाक आवयचो शालू जाय." मी लगेच देतो म्हणालो. तुझ्या आईचा शालू तू नाही नेसायचा तर कोणी?

आता जे तुला धड माहीत नाही ते सांगतो. तो शालू मी नाटकात नेसतो हे तुला ठाऊक आहे, आणि तुला ते आवडत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण तो मी मागून घेतलेला नाही. तू तेव्हा पाळण्यात होतीस. गावच्या दहिकाल्याला माझी साडी ऐन वेळी टरकन फाटली, द्रौपदी बाहेर यायची वेळ झालेली. तुझी आई पार्वती धावत घरी गेली, पेटीतला लग्नाचा शालू घेऊन आली आणि पडद्यामागे तिने स्वतः मला नेसवला. "सरळ उबे रावात. बायल जावंक जाय, पूण निऱ्यो घालूंक येनात!" असे म्हणून तिने मला एक चापट मारली. त्या रात्री लोकांनी द्रौपदीला डोक्यावर घेतले. मग तिनेच सांगितले, हा आता तुमच्याकडेच असू दे, पेटीत कसर लागण्यापेक्षा बरा.

ती गेली आणि नंतर मी तो जास्तच नेसू लागलो. तारामती असो, सीता असो, शालू तोच. मंडळीतले मला हसत, या सगुणाला दुसरी साडी मिळत नाही. त्यांना काय सांगू? निऱ्या खोचल्या की ती मागे उभी आहेसे वाटायचे. घरी या चार खोल्यांत ती मला कुठे सापडत नाही गौरवी, मी शोधून पाहिले आहे. त्या शालूत सापडायची. म्हणूनच डॉक्टरांनी सगळे धुवा म्हटले तेव्हा मी सगळे धुतले, आणि तो शालू घडी करून तसाच पेटीत ठेवला. धुतला तर तीही जाईल अशी माझी खुळी समजूत.

तुला द्यायचा ठरल्यावर मी मनाशी म्हटले, गावच्या जत्रेत एकदा शेवटचा नेसतो आणि मग देतो. नेसलो. महिना झाला नाही तोच कंबरेला पुन्हा चट्ट्याचे गोल चकंदळ उठले.

डॉक्टरांनी पाहिले आणि विचारले, "काका, घरांत एक तरी कापड न धुतां उरलां. खंयचें तें सांगात." मी म्हणालो, कांयच ना. त्यांच्यापुढे मला तिचे नाव काढवेना. लोक हसतात ते चालते, पण त्या गोष्टीला कोणी हसलेले मला चालले नसते.

घरी आलो आणि मला धडकी भरली. हे शालूत बसले आहे आणि तो शालू नेसून तू बोहल्यावर उभी राहणार. तुझ्या अंगाला लागेल, तुझ्याकडून साईशरावांना. नव्या घरात पहिल्याच महिन्यात लोक तुझ्याकडे तशा नजरेने बघतील. ती नजर मी दोन वर्षे पाहिली आहे. तुला शालू द्यायचा तर स्वच्छ करून द्यायचा, असे ठरवले. शुक्रवारी न्हाणीतल्या तांब्याच्या भाणात, जिथे आंघोळीचे पाणी तापते तिथे, मी तो घातला आणि खाली जाळ केला. पाणी खळखळा उकळू दिले. डॉक्टरांचा 'कढत' हा शब्द मी फारच मनावर घेतला.

कमलाक्षीकाकी धूर बघून आली. भाणात डोकावली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "सगुणा, मेल्या, शालू म्हणजे काय भात रे, उकडूक?"

तोवर पाणी लाल झाले होते. बाहेर काढला तेव्हा रेशीम आटून बोचके झाले होते, जरतार काळी पडली होती. पदरावरचे मोर ओळखू येत नव्हते. मी तो दोरीवर घातला आणि त्याच्या खाली बसलो. काकी घरी गेली आणि मला पेज घेऊन आली. मी रडत होतो, ते तिने कोणाला सांगितले नाही.

सोमवारी डॉक्टरांना खरे सांगितले. ते हसले नाहीत. एवढेच म्हणाले, ड्रायक्लीनला दिला असता तर भागले असते काका, तेव्हाच का सांगितले नाही?

काल तू फोनवर ब्लाऊजच्या मापाचे बोलत होतीस. शालूचा रंग डोळ्यांपुढे आहे म्हणालीस. मी हुं हुं करत राहिलो. शालू नाही, गौरवी. जो आहे तो तुला नेसता येणार नाही. तुझ्या आईची तुझ्यासाठी राहिलेली एक वस्तू मी माझ्या हाताने घालवली. तू रागावशील, मला बोलशील. बोल. मी ऐकून घेईन.

डॉक्टर म्हणतात, या खेपेला पुरते बरे होईल, परत यायला आता जागा उरली नाही. चट्टे खरेच फिके पडत आहेत. सगळे विचारतात, आता बरे वाटते ना? मी हो म्हणतो. बरा होत चाललो आहे, आणि तिला भेटायची माझी जागा गेली आहे, हे त्यांना कुठे सांगत बसू.

तू मात्र रविवारी ये. न्यायला काही नसले तरी ये. आता या घरात तिचे म्हणावे असे तूच आहेस, आणि तुला जवळ घ्यायला मला डॉक्टरांनी मोकळीक दिली आहे. मी विचारून घेतले.

तुझा, आणि अजून तिचाही,
बाबा