पंचेचाळीसची जोडी

३ मार्च, रविवार. सकाळी ८
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पण उद्या गाडी धावायला लागली की चार लोक विचारणारच, हे जमवलंत कसं? तेव्हा सगळं तारीखवार हाताशी असलेलं बरं.

गाडी सासऱ्यांची. वय बावन्न, म्हणजे माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठी. सासऱ्यांची नजर अधू झाल्यामुळे त्यांनी गेल्या महिन्यात किल्ली हिच्या हातात दिली. मी शेजारीच उभा होतो. असो.

२३ तारखेला त्यांना ऐंशी पूर्ण होतात. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात लांबचं दिसायचं बंद होईल. म्हणून त्यांची एकच इच्छा: आपल्या गाडीतून टेकडीवर जायचं आणि वरून खालचं तळं एकदा डोळे भरून बघायचं. बाकी काही नको म्हणे, केकसुद्धा नको.

गाडी चढावर धापा टाकते. मी ठरवलंय, कार्बोरेटर बदलायचा. इंजिनाला हवा आणि पेट्रोल कालवून देतो तो. एकाच्या जागी दोन बसवणार, तेही रेसिंगचे. विमा कंपनीत सव्वीस वर्षं गाड्यांचे क्लेम तपासतोय. मला गाडीतलं कळत नाही असं फक्त सासऱ्यांना वाटतं. २३ ला कळेल.

५ मार्च, मंगळवार
दुकानदाराला फोन. म्हणाला, या इंजिनाला चाळीस नंबरची जोडी भरपूर झाली, पंचेचाळीसची झेपणार नाही. दुकानदार असून लहान माल घ्या म्हणतो! संशय आला. पंचेचाळीसची मागवली. कपडे नाही का आपण वाढत्या अंगाचे घेत?

९ मार्च, शनिवार
पार्सल आलं. डायनिंग टेबलावर मांडलं. काय देखणी जोडी! ही म्हणाली, दिसायला छान आहेत, पण जेवायचं कुठे? शिवाय, गाडी चालत होती की, असंही म्हणाली. चालणं आणि धावणं यातला फरक तिला अर्धा तास समजावला. काही बोलली नाही. म्हणजे पटलं असणार.

१० मार्च, रविवार. दुपारी
जुना कार्बोरेटर काढला. भंगारात देणार होतो, हिने उचलून पेपरात गुंडाळला आणि चपलांच्या कपाटात ठेवला. बायकांना काही टाकवत नाही.

आता इंजिनाची चार तोंडं उघडी, चार सिलिंडरची चार. आत नट पडला तर सगळं मुसळ केरात. अडाणी माणूस तसंच काम चालू ठेवतो. मी जुनं बनियन फाडून बोळे कोंबले. तीन झाले आणि बनियन संपलं. चौथ्यासाठी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक फडकं सापडलं, ते बोटाने पार खोल सारलं. याला म्हणतात प्रसंगावधान.

१६ मार्च, शनिवार
नवी जोडी बसली! त्याआधी बोळे काढले. घाई नाही, गडबड नाही. मोजून तीन. तुकडे जमिनीवर जुळवूनसुद्धा पाहिले, अख्खं बनियन तयार झालं. इतकी शिस्त मेकॅनिक लोकांत कुठली?

सासऱ्यांचा फोन. वाटलं, इंजिनाचं विचारतील. तर म्हणे, कप्प्यातलं पिवळं फडकं धुऊन ठेवा, काच त्याच फडक्याने पुसतो, दुसऱ्याने चरे पडतात. इथे इंजिनाचा पुनर्जन्म चाललाय आणि यांचा जीव फडक्यात! आहे, आहे, म्हणालो.

१७ मार्च, रविवार
सहाव्या प्रयत्नात सुरू झाली. काय तो आवाज! समोरच्या घरातली दोन माणसं गॅलरीत आली. एकच गोष्ट, गाडी थरथरते. बॉनेटवर ठेवलेला माझा चष्मा चालत चालत कडेला गेला आणि पडला. डावी काच तडकली. ताकद आली की अंगात मावत नाही, त्यातला प्रकार.

१८ मार्च, सोमवार. ऑफिसनंतर
दोन्ही कार्बोरेटर सारखे चालतात का ते तपासायची जुनी पद्धत आहे. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी (एकेकाला दोन तोंडं, म्हणजे सिलिंडरमागे एक), आणि हवेची फुसफुस ऐकायची. पहिल्या तिघांची फुसफुस कुकरसारखी. चौथा एकदम गप्प. प्लग काढून पाहिले. तिघांचे काळेकुट्ट, चौथ्याचा स्वच्छ, कोरडा, जणू आत्ताच डब्यातून काढला.

निष्कर्ष स्पष्ट आहे. चौथा सर्वोत्तम चाललाय. बाकीच्या तिघांना त्याच्या पातळीवर आणायचं.

२० मार्च, बुधवार
रजा टाकली. तिघांना दिवसभर स्क्रूने आवळत बसलो. गाडी आता शांत. इतकी शांत की दोनदा बंद पडली. ही कोपऱ्यापर्यंत चालवून आली. म्हणाली, आधीपेक्षा हळू जातेय, बाबांना बोलावू का? मी म्हटलं, खबरदार, सरप्राइज आहे.

इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. लग्नाला बावीस वर्षं झाली. या माणसाने मला कधी रागाचा शब्द ऐकवला नाही, पण छान केलंत असंही कधी म्हटलं नाही. एकदा म्हणावं. एकदाच. तेही त्यांना नीट दिसतंय तोवर.

२२ मार्च, शुक्रवार
ही म्हणाली, अजून वेळ आहे, जुना बसवू या. मी म्हटलं, माझ्यावर भरवसा ठेव. तिने डिकीत पान्यांची पेटी ठेवली. शेजारी पेपरात गुंडाळलेलं काहीतरी. मी न पाहिल्यासारखं केलं.

उद्या नऊच्या आत टेकडीवर.

२३ मार्च, शनिवार. संध्याकाळी ५
नऊ वाजता टेकडीच्या पहिल्याच वळणावर गाडी बंद पडली.

फाटकातून निघाल्यापासून सासरे गप्प होते. स्टिअरिंगवर मी, शेजारच्या सीटवर ते डोळे मिटून बसलेले. मला वाटलं, आवाजावर खूश आहेत. गाडी थांबल्यावर म्हणाले, काचेवर धूळ दिसते, जावईबापू, जरा माझं फडकं द्या. मी कप्पा उघडला. आत हात घातला. पायाखालीही पाहिलं. आणि मग एकदम आठवलं.

मी कप्पा लावून टाकला. ते म्हणाले, चौथा सिलिंडर घरापासून बोलत नाहीये, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.

मग मला काही करावं लागलं नाही. हिने पेटी उघडली, भराभर नट सोडले. दहा वर्षांची असल्यापासून येतं म्हणे. बावीस वर्षांत मला बोलली नाही! कार्बोरेटर बाजूला झाला. सासऱ्यांनी चौथ्या तोंडात दोन बोटं घातली आणि ओढलं. पिवळं फडकं आलं. येतच राहिलं. पेट्रोलने निथळत होतं.

त्यांनी त्याचा वास घेतला. मी मान खाली घातली. आता काय ते बोलून मोकळे व्हा, असं झालं.

ते हसायला लागले. असे हसले की मैलाच्या दगडावर टेकावं लागलं. डोळ्यांतून पाणी. त्याच फडक्याने ते पाणी पुसायला जाणार, तेवढ्यात हिने झडप घालून हिसकावलं. नंतर मला हळूच म्हणाली, आई गेल्यापासून बाबा असे हसले नव्हते.

फडकं निघाल्यावरही माझी जोडी काही सुरू होईना. तिघांना आवळून ठेवलं होतं ना मी. शेवटी पेपरातलं पुडकं सुटलं. जुना कार्बोरेटर सासऱ्यांनी तिथेच बसवला, बोटांनी चाचपून. नजरेचं कामच पडलं नाही. मी नट धरून उभा होतो. एक पाडला. सुदैवाने बाहेर.

उरलेला चढ हिने चढवला. गाडी धापा टाकत गेली, पण गेली. काच माझ्या धुतलेल्या रुमालाने पुसली. सासरे कितीतरी वेळ खाली बघत राहिले. म्हणाले, तळ्यात एक होडी आहे, लाल. ही म्हणाली, हो, आहे. मला दिसली नाही. माझ्या चष्म्याला तडा आहे.

२४ मार्च, रविवार
सकाळी आठलाच सासरे हजर. मला वाटलं, फडक्याचा हिशेब. तर म्हणाले, पंचेचाळीसची जोडी बदलून चाळीसची मागवा, तुमची कल्पना वाईट नव्हती. डोळे साथ देताहेत तोवर आपण दोघं मिळून बसवू.

दोघं, असं म्हणाले. मी दोनदा विचारून खात्री केली.

माझं काम काय, तेही विचारलं. ते ठरलंय. बोळे मोजायचे. घालताना एकदा, काढताना एकदा, आणि मोठ्याने. ही शेजारी बसून लिहून घेणार आहे.