ठकीच्या नाकावरचा हार

दादर,
रविवार, दुपार

प्रिय आत्या,

पत्र लिहिणं हा माझा प्रांत नाही, हे तुला माहीत आहे. शिवाय नखांत अजून काळं ऑइल आहे, त्यामुळे या कागदाचे कोपरे खराब होणार. पण आज सकाळी आपल्या चौकात जे झालं ते कुणाला तरी नीट, क्रमाने सांगायला हवं. आई सांगायला लागली की हसत सुटते. नाना विषय बदलतात. मग उरलीस तू.

तर ऐक. तुझी गाडी, आपली ठकी, विकली गेली नाही.

तुझ्यामागे पहिल्यांदा नानांनी हा विषय काढला तेव्हा मला राग आला नव्हता. तुझे भाऊ असले तरी त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. गाडी डॉक्टरीणबाईंची, म्हणजे तुझी. डॉक्टरीणबाई नाहीत. घरात दुसरं कुणी बाळंतपणाच्या हाकेला धावणारं नाही. मग गाडी कशाला? परळचं एक गिऱ्हाईक त्यांनी ठरवलंही होतं. मी एवढंच म्हटलं, "तिची देखभाल मी करीन."

"देखभाल करणं आणि गाडी ठेवणं यांत फरक आहे, कुमुद," ते म्हणाले.

मला तो फरक कळला नाही. अजूनही कळलेला नाही. तूच शिकवलंस ना, की ज्याला गाडीचं पोट उघडता येत नाही त्याने गाडी ठेवू नये?

तुझे ते रविवार! नऊवारीचा काचा घट्ट मारून, वर नानांचा जुना खाकी शर्ट चढवून तू चौकात उतरायचीस, आणि चाळीच्या तिन्ही मजल्यांवरची माणसं दात घासायची सोडून कठड्याशी यायची. मागच्या चाकाखाली ठोकळा म्हणून आईचा वरवंटा. थोड्याच वेळात वरून आईची हाक: "वन्सं, माझा वरवंटा! चटणी वाटायचीय!" तू गाडीखालूनच ओरडायचीस, "आज लोणचं वाढ!"

आणि तो स्टेथोस्कोप! इंजिनात कुठेतरी टकटक येत होती. तू दवाखान्यातला जुना स्टेथोस्कोप कानाला लावलास आणि त्याचं दुसरं टोक इंजिनावर ठिकठिकाणी टेकवून ऐकत राहिलीस. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून कर्णिककाकांनी विचारलं, "डॉक्टरीणबाई, मुलगा की मुलगी?"

"आडवं आहे," तू म्हणालीस. "फिरवावं लागेल."

सगळी चाळ हसली. मी हसले नाही, कारण मी तेव्हा टकटक कुठल्या झडपेची आहे ते मोजत होते. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "ही बघा आमची थर्मामीटर. आत पारा चढला तरी बाहेरून काच गारच!" तेव्हा मी उत्तर दिलं नाही. आज देते: पारा चढायचा, आत्या. दर रविवारी चढायचा.

तंत्रनिकेतनात आमच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. वर्कशॉपच्या पहिल्या दिवशी सर म्हणाले, "स्पार्क प्लग हातात धरला आहे का कुणी?" मी हात वर केला. फट किती हवी, ती पातळ पट्टीने कशी मोजायची, काजळी कशी घासायची, सगळं सांगितलं. "कुणी शिकवलं?" "आत्याने." वर्ग हसला. सर हसले नाहीत. ही गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. का नाही, ते मलाही माहीत नाही. सांगितली असती तर तू साऱ्या दादरला ऐकवली असतीस, हे एक कारण असावं.

पण थोडं थांबायला काय झालं होतं तुला? ज्याच्यासाठी गोळीबाराच्या त्या दिवसांत तू जखमींना पट्ट्या बांधत गिरगावभर ठकी फिरवलीस, ज्याच्यासाठी येता-जाता हॉर्नवर "झालाच पाहिजे"चा ठेका वाजवून पोलिसांच्या डोळ्यांवर आलीस, तो महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला, आणि तू नाहीस! प्रत्येक बाळंतपणाला वेळेवर पोचणारी तू, इथेच कशी चुकलीस?

महाराष्ट्र झाला त्या सकाळी चाळीने ठरवलं की तुझ्या गाडीतून फाउंटनला जायचं आणि हुतात्म्यांना फुलं वाहायची. नाना आधी नको म्हणाले. मग म्हणाले, "ठीक आहे. न रडता, न थांबता गेली आणि आली, तर आपण गिऱ्हाइकाचा पुन्हा विचार करू. वाटेत बसली, तर पुढच्या रविवारी ते घेऊन जातील. मग मला काही ऐकवायचं नाही."

कबूल, म्हटलं मी. मला खात्री होती. आदल्या दिवशी पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला होता, बॅटरीत पाणी, रेडिएटरमध्ये पाणी, चाकांत हवा, ब्रेक, सगळं. त्या सकाळी शेवटचं फडकं मारून मी हात धुवायला वर गेले. खाली आले तो ठकी नवरी झालेली! तळमजल्यावरच्या प्रधानकाकूंनी पहाटेपासून बसून झेंडूचा हार केला होता. माझ्या मनगटाएवढा जाड, तीनपदरी, मध्येमध्ये आंब्याची पानं. गाडीच्या नाकावर या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत घट्ट आवळून बांधलेला.

"कसा दिसतो?" काकूंनी विचारलं.

"छान," मी म्हणाले. खरंच छान दिसत होता.

नाना पुढे माझ्या शेजारी. मागे आई, काकू, कर्णिककाका आणि फुलांची परडी. परळपर्यंत ठकी अशी पळाली की काय सांगू! पण लालबागला लेझीम, ढोल, गुलाल, रस्ताभर माणसं. आम्ही मुंगीच्या पावलाने सरकायला लागलो. आणि बॉनेटच्या फटींतून वाफ आली.

मी गाडी कडेला घेतली.

"झालं," नाना म्हणाले. एवढंच. रागाने नव्हे. ते जास्त वाईट होतं.

भोवती ही गर्दी! प्रत्येकाकडे सल्ला. एकजण म्हणाला, "बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की असंच. मिस्तरी बोलवा कुणीतरी!" आणि आत्या, तुला खरं वाटणार नाही, मागच्या सीटवरून माझी आई, जी दुकानदारालासुद्धा भाव विचारायला लाजते, ती म्हणाली, "बोलवायचा कशाला? तुमच्या समोरच उभी आहे की मिस्तरी. जरा उजेड सोडा तिचा."

समोरच्या चाळीच्या दारातून एक मालवणी बाई कळशी घेऊन आली. "गाडयेक ताप इलो काय गो बाय?"

"हो. जरा जास्तच."

"मगे पाणी घाल मा! माझ्या तोंडाकडे काय बघतंस?"

"आत्ता नाही, मावशी. इंजिन तापलंय. गार पाणी घातलं तर तडकेल. आधी निवू दे."

"बघा तरी! बाळंतिणीसारखी कौतुका हत हिची," ती म्हणाली आणि कळशी घेऊन पायरीवरच बसली.

मी तुझ्या पद्धतीने गेले. जे दिसतंय ते आधी, जे वाटतंय ते नंतर. पट्टा शाबूत. रबरी नळी कुठे फुटलेली नाही. खाली गळती नाही. क्षणभर इंजिन सुरू करून पाहिलं, पंखा फिरतोय. मग ताप कशाने? मी पुढे गेले आणि जाळीसमोर तळहात धरला. पंखा हवा आत ओढतो, ती हाताला लागायला हवी. काहीच लागलं नाही. माझा हात झेंडूवर होता.

इंजिन बंद करून मी हार किंचित उचलला. खाली प्रधानकाकूंनी जुन्या चादरीची चौपदरी घडी लावली होती, दोरीने ठकीच्या रंगावर ओरखडा पडू नये म्हणून! ठकीला श्वास घ्यायला जागाच नव्हती. आणि तेव्हा एकदम कळलं, दर दसऱ्याला तू चाळीने आणलेला हार मागे डिकीवर का बांधायचीस. आम्ही सगळे तुला विक्षिप्त समजत होतो. अगं, कारण एकदा तरी सांगायचंस! सगळं शिकवलंस आणि हे तेवढं गृहीत धरलंस?

"हार काढावा लागेल," मी म्हणाले.

काकूंचे डोळे भरले. "आजच्या दिवशी? अगं, अपशकुन होतो!" गर्दीतूनही कुरकुर सुरू झाली. महाराष्ट्राचा हार काढते म्हणजे काय! मी रेडिएटर, हवेचा झोत, वगैरे समजावायला लागले. कुणीही ऐकेना. मला बोलता येत नाही, आत्या, ते तुझं काम होतं.

सोडवलं ते मालवणी मावशीने. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "हार काय उकिरड्यार टाकतंत काय? माझ्या दारार बांधा. पाणी माझा, हार तुमचो. फिटमफाट!"

टाळ्या पडल्या. कर्णिककाकांनी हार सोडवला, काकूंनी स्वतःच्या हाताने तो मावशीच्या दाराला बांधला, आणि मावशीने त्यांना ओवाळल्यासारखं करून दोन्ही हातांची बोटं मोडली. इंजिन निवलं. मी रेडिएटरच्या झाकणावर फडकं टाकून ते हळू सोडलं, पाणी हळूहळू ओतलं. ठकी पहिल्या हाकेला सुरू झाली. फाउंटनपर्यंत पुन्हा एक उचकी नाही. तिथे आम्ही फुलं वाहिली. नाना बराच वेळ हात जोडून उभे होते. येताना मी हॉर्नवर तुझा ठेका धरला, आणि रस्त्यातल्या अनोळखी माणसांनी शब्द बदलून तो पूर्ण केला: "झाला! झाला!"

पण अट अट असते. ठकी वाटेत थांबली होती. नाना काही बोलले नाहीत, मीही काही बोलले नाही. आपल्या घरात दोघंच न बोलणारी, आणि तू गेल्यापासून मध्ये बोलणारं कुणी नाही.

म्हणून आज सकाळी मी चौकात उतरले ती ठकीला साफ करून पाठवायला. जुन्या ऑइलवर ती दुसऱ्याकडे जाऊ नये, एवढंच मनात होतं. काचा मला तुझ्यासारखा जमत नाही, पण मारला. इंजिन जरा तापवून घेतलं, वरवंटा लावला, पुढची चाकं फळ्यांवर चढवली, खाली जुनी परात ठेवली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. नाना. अंगात बंडी, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं.

"कुठून सुरुवात करायची?" त्यांनी विचारलं.

मी पाना त्यांच्या हातात दिला. "खाली सरका. मधोमध मोठा नट दिसेल. तो डावीकडे फिरवायचा. सुटला की हात पटकन बाजूला घ्या, ऑइल गरम असतं."

त्यांनी हात बाजूला घेतला नाही. अर्थातच! खालून तुझ्या भावाच्या तोंडी मी कधी न ऐकलेला एक शब्द आला, आणि तिन्ही मजले हसले.

परातीत धार पडत होती. नाना खालीच पडून होते. मग म्हणाले, "ही रोज इथे उभी दिसली की मला वाटायचं, ताई वर आहे. आत्ता बॅग घेऊन जिना उतरेल. म्हणून विकायची होती, कुमुद. दुसरं काही नाही."

"आणि आता?"

"आता खालून बघितली. खालून ताईसारखी मुळीच दिसत नाही. फार घाण आहे."

मी हसले. मोठ्याने. कर्णिककाका कठड्यावरून म्हणाले, "अरे, थर्मामीटर फुटलं!"

आणि त्याच वेळी परळचं गिऱ्हाईक फाटकातून आत आलं. स्वच्छ कोट, डोक्याला टोपी. गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय त्यांनी पाहिले आणि बुटाच्या टोकाने जमिनीवर टकटक केलं.

"काय मिस्तरी, मालक कुठायत? गाडी न्यायला आलोय."

खाली पाना थांबला. मग नानांचा आवाज, अगदी कचेरीतला: "मालकीण तुमच्या शेजारी उभी आहे. तिचे हात काळे आहेत, नमस्कार लांबूनच घ्या."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, मग पायांकडे. "आणि गाडी?"

"गाडीचं ऑइल सोडलंय. आज ती कुठे जात नाही." पान्याचा आवाज झाला. नाना नट पुन्हा बसवत होते. "उद्याही नाही. आई, चहा टाकायला सांग हिला! पाहुणे आलेत."

'आई' ते मला म्हणाले, आत्या. तुझ्या आईनंतर त्यांनी ही हाक कुणाला मारलेली मी ऐकली नव्हती.

गृहस्थ चहा पिऊन गेले. चांगले होते बिचारे. जाताना ठकीच्या बॉनेटवर हात फिरवून गेले.

आता एकच राहिलं. मघाशी हात धुताना आई शेजारी येऊन उभी राहिली. राखेने माझी बोटं चोळता चोळता, नजर न उचलता म्हणाली, "मला जमेल का गं चालवायला?"

तेव्हा तुला शब्द देते. पुढच्या रविवारी शिवाजी पार्कच्या मोकळ्या रस्त्यावर मी आईला स्टिअरिंगवर बसवणार आहे. तू शिकवताना माझ्यावर जशी ओरडायचीस तशी मी तिच्यावर ओरडणार नाही. एकदाही नाही. क्लच जळाला तरी नाही. नाना मागच्या सीटवर बसायला तयार आहेत, डोळे मिटून.

तुझी भाची,
कुमुद