दुपारची नजर

बाबा, तुमचा अंगठा मी मोडला. उभारी, बैलगाडीच्या कडेचा तो दांडा, त्या माणसाच्या हातात होती, घाव त्याने घातला, आणि पोलिसांना तुम्ही सांगितलं की गाडीचं जू हातावर आलं. सगळ्या यार्डाने तेच मान्य केलं. पण मोडला मी. माझा राग सगळ्यांना ठाऊक आहे, नाकावरच बसलेला असतो मेला, कुणाला काय वाटेल म्हणून मी कधी तोंड आवरलं नाही. या एका बाबतीत मात्र इतकी वर्षं मूग गिळून बसले.

तो मोबाइल आठवतो ना तुम्हाला? काळा, जड. स्क्रीन अंगठ्याने बाजूला ढकलली की खट् करून खालून कळा बाहेर यायच्या, छोटा टाइपरायटरच जणू. मी मलकापूरच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये ऑफिसात कॉम्प्युटरवर, आणि तुम्ही बाहेर यार्डात ग्रेडर, कापसाची प्रत ठरवणारे. बीटी बियाणं आल्यापासून सगळ्यांची बोंडं एकदमच फुटायची, सगळ्यांच्या गाड्या एकाच आठवड्यात फाटकाशी. नंबरावरून मारामाऱ्या, बैलांची शिंगं एकमेकांत, कुणाचं ना कुणाचं डोकं रोज फुटलेलं. म्हणून मुख्य ऑफिसला वाटलं की ग्रेड गाडीजवळच टाइप होऊन थेट वर जावी. साहेबांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, पंधरा दिवस वापर, मग हा फॉर्म भर, तुझ्या अहवालावर ठरेल सगळ्या खरेदी केंद्रांना घ्यायचा की नाही. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. ग्रेडरची पोरगी सांगणार आणि कंपनी ऐकणार!

तुमची पद्धत मला पाठ होती, लहानपणापासून. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, तळातला कापूस काढायचा, दोन अंगठ्यांत धरून ताणायचा, धागा काळ्या फडक्यावर ठेवून बघायचा. आणि सकाळी जे बोलायचात ते कच्चं. दवात वेचलेला कापूस सकाळी ओलाच असतो, त्याला तुम्ही दोन नंबर म्हणायचात, पण लगेच पुढे सांगायचात, "तिकडं उन्हात पसरव. दुपारी पायतो." दुपारी पुन्हा हात घालायचात, आणि तेव्हा जे म्हणाल ते पक्कं, तेच कागदावर चढायचं. हे कुठल्या नियमात नव्हतं. यार्डात त्याला दुपारची नजर म्हणत. एकदा, सातवीत असेन, मी शहाणपणा करून एका गाडीला नुसत्या वरच्या कापसावरून फरदड म्हणाले, म्हणजे अगदी शेवटच्या वेचणीचा, हलका. तुम्ही सगळ्यांसमोर अशी कानफटात मारली की ओठ फाटला. "दुसऱ्याचं अख्खं साल तुह्या जिभेवर हाय," म्हणालात, "दोनदा पाह्यल्याबिगर तोंड उघडू नको." रडू दिलं नाहीत. त्याच गाडीच्या तळात हात घालायला लावलात. खाली एक नंबर होता.

तरी मी विसरले. त्या दिवशी संग्रामपूरकडचा तो उंच माणूस पहिल्या नंबराला होता, आदल्या दिवसापासून बैलांसोबत फाटकावर मुक्काम केलेला. तुम्ही हात घातलात, म्हणालात, "दोन नंबर. पसरव, दुपारी येजो." तो बिचारा हसून गाडी वळवायला लागला. आणि मी तुमच्या मागे उभी. मला वेग दाखवायचा होता. खट् करून कळा काढल्या, गाडीचा नंबर, ग्रेड दोन, आणि पाठवून मोकळी. वरून लगेच उत्तर आलं, नोंद झाली. मी खूश होऊन पुढच्या सहा गाड्याही तशाच धाडल्या. तुम्ही विचारलंत, "काय टकटक करून राह्यली?" मी म्हणाले, "काही नाही बाबा, तपासून पाहते." तुम्ही मान डोलावलीत. पोरीवर विश्वास होता ना!

दुपारी त्याचा कापूस सुकून पांढराशुभ्र. तुम्ही अंगठ्यांत ताणलात आणि म्हणालात, एक नंबर. चिठ्ठी निघाली दोन नंबरची. तुम्ही ऑफिसात आलात, मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, पाठवलेली ग्रेड फिरवता येत नाही, म्हणून तर यंत्र आणलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला तिथेच कळलं, बाबा. बाहेर जाऊन त्याला म्हणालात, "थांब भाऊ, मी बोलतो साहेबासंग." पण सातही जणांना तशाच चिठ्ठ्या मिळाल्या होत्या आणि आवाज चढले होते. "तोंडानं एक अन् कागदावर दोन? काऊन रे, कोनाचं खाल्लं?" पहिला दगड ऑफिसच्या काचेवर आला. दुसरा मुनीमाच्या कपाळावर. तो उंच माणूस तुम्हाला सोडून माझ्यासमोर आला. डोळे लाल. "तुह्या डब्ब्यात कोनं लिवलं दोन नंबर?"

मी घाबरले. हेच खरं. आणि म्हणाले, "बाबांनी सांगतलं तेच लिवलं."

खोटं नव्हतं त्यात काही. सकाळी तुम्ही दोनच म्हणाला होतात. त्याने गाडीची उभारी उपसली आणि तो तुमच्याकडे वळला. तुम्ही हात आडवा केलात, थांब म्हणायला. लाकूड अंगठ्यावर बसलं, आणि तो आवाज, ओली फांदी मोडावी तसा, मला अजून भाकरी मोडतानासुद्धा ऐकू येतो. मग माझ्या डोक्यात सणक गेली. मी त्याच्या अंगावर धावले आणि हातातल्या मोबाइलनेच त्याचं तोंड फोडलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा त्याचे दोन दात मातीत पडले. त्याने उभारी टाकून दिली, बाईवर हात उचलला नाही. मी थांबलेच नसते. तुम्ही डाव्या हाताने माझी वेणी धरून मागे ओढलंत आणि ओरडलात, "सोड त्याले! तो खोटा नाई!" तुमच्या सदऱ्यावर रक्त, पांढऱ्या कापसावर रक्त, आणि वाचवलंत कुणाला, तर त्याला.

नंतर स्वयंपाकघरात मी तुम्हाला भाकर कुस्करून भरवत होते. उजवा हात प्लास्टरमध्ये, त्यातून अंगठ्याचं टोक तेवढं बाहेर, सुजून वांग्याएवढं. तुम्ही म्हणालात, आण तो डब्बा, पाहू दे. डाव्या हाताने उघडलात, बंद केलात, पुन्हा उघडलात, कापूस पाहावा तसा शांतपणे पाहिलात. वाईट म्हणाला नाहीत. "चीज चांगली हाय," म्हणालात. "पण यात दुपारची नजर कुठं हाय? पुन्हा पाह्याची चाबी नाई यात. तेवढं लिव त्याईले." मी हो म्हणाले. दोन दिवसांनी विचारलंत, "लिवलं काय?" मी म्हणाले, "हाव बाबा, जसंच्या तसं लिवलं."

तुमचा अंगठा वाकडाच जुळला. धागा कळेना, काम सुटलं, आणि तुम्ही परत कधी यार्डाच्या फाटकातून आत गेला नाहीत. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात, "माह्या पोरीनं साहेबाले लिवून देल्लं, म्हनून दुपारची नजर वाचली. अंगठा गेला तर गेला." मी आत भांडी घासत ऐकायची. वाटायचं, बाहेर जावं आणि सांगून टाकावं, पुन्हा एक कानफटात खावी. गेले नाही. तुम्ही गेलात तेव्हाही तुमच्या मनात यार्ड तसंच होतं, दुपारी उन्हात पसरलेले ढीग आणि त्यात हात घालणारा कुणीतरी.

बाबा, ते मोबाइल सगळ्या केंद्रांना आले. माझ्या अहवालामुळे आले, साहेबांनी पाठ थोपटली आणि मला वरची खुर्ची दिली. वेग, तिथे मी उत्तम लिहिलं होतं. मजबुती, तिथे लिहिलं, हातातून तीनदा पडला तरी चालू आहे. आणि उणिवा असा शेवटचा रकाना होता, चांगला चार ओळींचा. तो भरताना तुम्ही शेजारीच झोपला होता, कण्हत होता. मी तुमच्या हाताकडे पाहिलं आणि लिहिलं: कळा जरा बारीक आहेत, जाड अंगठ्याच्या माणसांना अडचण होईल.