बाराव्या धड्याला पोट दुखतं

प्रिय सुनंदा,

तुला मी आयुष्यात एकच पत्र लिहिलं, लग्नाआधी. चार ओळींचं. त्यातल्या तीन ओळी मित्राच्या होत्या, हे तुला पुढं कळलंच. त्यानंतर आज लिहितोय, आणि तेही आपल्या कार्तिकीच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं म्हणून. घरातलं मोठं माणूस लिहिताना, वाचताना लेकराला दिसलं पाहिजे म्हणे. मी म्हणालो, बाई, मी लिहू कुणाला? माझ्या ओळखीतली सगळी माणसं फोनवर बोलतात. घरी येता येता डोक्यात आलं, फोन लागत नाही असं एक माणूस आहे की माझं.

म्हणून लिहितोय. समोर कार्तिकी बसलीय पेन्सिल चावत. माझं अक्षर कसं आहे ते तुला माहीत आहे, सांभाळून घे. मंगळवारपासून जे कळत गेलंय, ते मला पचलेलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी दुकानात होतो. ढोकीच्या कारखान्याकडं उसाचे ट्रॅक्टर चालले होते, धुरळा नुसता. नामदेवअण्णा त्यांची कॉइल भरायला टाकलेली पाण्याची मोटार न्यायला येऊन बसले होते. आतल्या खोलीतनं कार्तिकीचं वाचन चाललं होतं, डबक्यातल्या बेडकाचा धडा. रोजच्यासारखं, खणखणीत, कुठं अडखळणं नाही.

"पोरगी लई गोड वाचती रं दत्ता," अण्णा म्हणाले. "आईवर गेली."

मी मान हलवली. छाती फुगली म्हण ना! आणि मग माझी नजर माझ्याच हाताकडं गेली.

पुस्तक माझ्या हातात होतं.

सकाळीच तिनं दिलं होतं, शिवण सुटलीय, डिंक लावून द्या म्हणून. मी डिंक लावत बसलो होतो आणि ती आत ते पुस्तक वाचत होती! आधी वाटलं दुसरं काही असेल. बेडकाचं पान काढून ओळीवर बोट ठेवलं. शब्दाला शब्द. पान संपलं तिथं ती थांबली, पान उलटायला लागतो तेवढाच वेळ. दर दोन ओळींनी एक श्वास, जिना चढून आल्यासारखा. आठ वर्षांच्या लेकराला बेडकाचा धडा वाचताना दम कशाला लागेल, सुनंदा? तो दम तुझा होता. शेवटच्या महिन्यांत तुला दोन ओळींच्या वर वाचवत नव्हतं, तो.

माझा चेहरा बघून अण्णा म्हणाले, "काय रं, करंट बसला का? आधी मेन बंद करावं."

आत जाऊन मी पुस्तक तिच्यापुढं ठेवलं. अकरा धडे तू तिला वाचून दाखवले होतेस, म्हणून म्हणालो, बाराव्यापासून वाच. तिनं पान बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पोट धरलं. पोट दुखतंय म्हणाली.

आता मला सांग, गावात माझं नाव कशावर आहे? कानांवर. मोटार नुसती चालू करा, मी लांबून सांगतो बेअरिंग गेलंय का कॉइल. लोक पार वाशी तालुक्यातनं मोटारी घेऊन येतात त्या कानांपायी. आणि माझ्या लेकीचं 'वाचन' तू गेल्यापासून तीन महिने मी रोज ऐकत होतो, कौतुकानं! या पोटदुखीसाठी तीन महिन्यांत कितीदा ओवा दिला, दवाखाना केला. डॉक्टर म्हणाले पोटात काही नाही. मी डॉक्टर बदलला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंच नाही, थेट शाळेत गेलो. पालकांच्या बैठकीला आजवर तूच जायचीस. मला वर्ग कुठला तेही विचारावं लागलं. दुसरीचा वर्ग बघून चाट पडलो. आपल्या वेळी पाढे म्हणायचे आणि मार खायचा, एवढंच शिक्षण. इथं पोरं दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधून बेरजा करत होती. दोन पोरी वितीनं फळा मोजत होत्या आणि एकीची वीत मोठी, एकीची लहान, म्हणून भांडत होत्या. बाई भांडण सोडवायच्या सोडून विचारत होत्या, मग आता काय करायचं? मला ते फार आवडलं.

बाईंना मी सगळं सांगितलं. त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, मला दिवाळीच्या आधीच शंका आली होती. वाचून दाखवते, पण मधल्याच शब्दावर बोट ठेवलं की गप्प होते. त्यांनी तुला बोलावून सांगितलंही होतं म्हणे. ताई, तुम्हीच सगळं वाचू नका. शब्दाखाली बोट ठेवा, थांबा, तिला म्हणू द्या. चुकली तर चुकू द्या.

आणि तू त्यांना काय म्हणालीस, ते बाईंनी मला खाली बघून सांगितलं. "ती जन्मभर वाचील हो बाई. माझ्याकडं दिवस थोडे आहेत. मला वाचू द्या."

सुनंदा, तुला माहीत होतं?

सोलापूरच्या डॉक्टरांच्या मी हातापाया पडलो होतो, तिला काही सांगू नका म्हणून. घरी येताना रस्ताभर तुला हसवत आलो होतो. तू हसलीसही. आठ महिने मी रोज तुझ्यासमोर नाटक करत होतो आणि तू ते चालू दिलंस. एकदासुद्धा बोलली नाहीस. का गं? मला सोसणार नाही असं वाटलं? शाळेतल्या बाईंना सांगितलंस, आणि माझ्याशी बोलताना पुढच्या वर्षीच्या पापडांचं!

मी त्या छोट्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिलो. पोरं बघत होती. बाईंनी पाणी दिलं.

रागही आला तुझा, खरं सांगतो. एक ओळ तरी तिच्यासाठी ठेवायचीस. पण मग म्हटलं, मी तरी कुठं होतो? पाचवीतनं शाळा सुटली, विहिरीत दोर लावून उतरलो, मोटारी ओढल्या, दुकान उभं केलं. पाटी, फोन, मोटारीवरचे आकडे वाचतो. पण लांबलचक मजकूर आला की माझी जीभ अडते, हे फक्त तुला ठाऊक. चारचौघांत कुणी पत्रिका हातात दिली की तू पुढं होऊन घ्यायचीस, "बघू द्या मला आधी," म्हणून. अभ्यासाला मी कधी बसलो नाही तो कामामुळं नाही. लेकीपुढं अडखळायची लाज वाटायची.

बाईंनी मला काम दिलंय. रोज पंधरा मिनिटं शेजारी बसायचं. शब्द अडला की मनात दहापर्यंत मोजायचं, लगेच सांगायचा नाही. वाचून झालं की विचारायचं, काय झालं यात, तू असतीस तर काय केलं असतंस? डाळीच्या पुड्यावरचं, एसटीच्या पाटीवरचं, जे दिसेल ते तिला वाचू द्यायचं. आणि ओरडायचं नाही. मी म्हणालो, बाई, माझी शाळा पाचवीपर्यंतच आहे. त्या म्हणाल्या, मग तर बरंच, तुम्ही दोघं बरोबर शिका.

बुधवारी बसलो. ती पुस्तकच उघडेना, म्हणून शहाणपणा करून बारावा धडा मीच वाचून दाखवला. कुंभाराचा आहे. तीन ठिकाणी अडखळलो. गुरुवारी तिनं तो धडा घडाघडा म्हणून दाखवला, माझ्या तिन्ही अडखळण्यांसकट! "कुंभाराने मा... माती म... मळली." अगदी माझ्यासारखं डोकं खाजवून. हसावं का रडावं कळेना मला.

मग मी माझी अक्कल चालवली. जे कुणी तिला ऐकवलंच नाही, ते तिच्यापुढं ठेवायचं. शुक्रवारी शाळेतून आल्यावर एक चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि म्हणालो, मला चष्मा सापडत नाही, काय लिहिलंय बघ. तिनं पोट धरलं. मी दहापर्यंत मोजलं. पुन्हा दहापर्यंत मोजलं. जीभ नुसती वळवळत होती सांगायला! शेवटी ती चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून पुटपुटायला लागली. तु... झ्या. तुझ्या. द... दप्... दप्त... रावर. दप्तरावर. तुझ्या दप्तरावर. पा... ल.

पाल आहे.

किंचाळून तिनं दप्तर असं भिरकावलं की डबा, कंपास, चिंचोके, सगळं ओसरीभर! मी हसून हसून खाली बसलो. "पप्पा, खोटं लिहिता व्हय?" म्हणून मला चार बुक्क्या बसल्या. मी म्हणालो, अगं वाचलंस की तू! तुझं तू वाचलंस!

ती थांबली. मला वाटलं आता उड्या मारील. तर तिचा चेहरा पडला.

"मला वाचता यायला लागलं तर आईचं वाचणं जाईल का?"

काय सांगू तुला! आम्ही सगळे समजत होतो पोरीला येत नाही. तिला यायलाच नको होतं! अक्षरं लागायला लागली की तुझा आवाज पुसला जाईल, या भीतीनं ते लेकरू तीन महिने पोट धरून बसलं होतं. आणि दुखत असेलही खरंच. मी आपला ओवा देत होतो.

तिला मांडीवर घेतलं आणि म्हणालो, बेडकाचा धडा म्हण, पुस्तक नको. तिनं डोळे मिटले आणि म्हटला. तुझ्या थांबण्यांसकट, तुझ्या दमासकट. मी डोळे उघडेच ठेवले, मिटले असते तर मला सहन झालं नसतं. संपल्यावर विचारलं, गेलं का कुठं? आत्ताच तर तू पालीची चिठ्ठी वाचलीस. ती नाही म्हणाली, आणि पसरलेले चिंचोके गोळा करायला लागली.

काल मी बाईंना सांगून आलो, पहिले अकरा धडे तिला बघून वाचायला लावू नका. ते तिच्या आईचे आहेत. बाई हो म्हणाल्या. आज रविवार. दुपारी आम्ही तेरावा काढला. तिनं अडीच ओळी वाचल्या, माझ्याहून एक शब्द जास्तच नीट. पोट दुखलं नाही.

आता ती विचारतेय, आईला काय लिहिलंत, वाचून दाखवा. मी नाही म्हणालो. रुसून बसलीय. रुसू दे. एकदा वाचून दाखवलं तर उद्या सगळं पत्र तिला पाठ असेल, माझ्या अडखळण्यांसकट!

सुनंदा, तुला शब्द देतो. हे पत्र मी कधीच मोठ्यानं वाचणार नाही, तिनं कितीही हट्ट केला तरी. घडी घालून तुझ्या ट्रंकेत ठेवतो, तिला जागा दाखवून ठेवतो. ज्या दिवशी तिला हे सगळं वाचता येईल, त्या दिवशी ती स्वतः काढील. मी शेजारी बसेन, कुठल्याही शब्दाला मदत करणार नाही. तुला आधीपासून सगळं माहीत होतं, हे मी तिला सांगणार नाही. ते ती वाचील.

तुझा,
दत्ता