नऊ नंबरची चादर

३ एप्रिल १९९८
आले बाई एकदाची! महाळुंगे पडवळच्या वृद्धाश्रमात आज धुलाईचं काम हातात घेतलं. राहायला खोली, खोलीत पंखा, खिडकीतून उसाचा फड. मॅनेजर कुंडलिकभाऊंनी सगळं समजावलं. जुलाबाचे, जखमांचे कपडे लाल पोत्यात, बाकीचे पांढऱ्या. लाल पोतं आधी भट्टीवरच्या हंड्यात अर्धा तास उकळायचं, मगच मशीन. प्रत्येक कपड्यावर खाटेचा नंबर लाल दोऱ्यानं शिवलेला. पिंपळवंडीत अकरा माणसांचं धुणं धुतलंय मी, हे तर डाव्या हाताचं काम.

८ एप्रिल
नऊ नंबरच्या सारजाबाईनं डोकं खाल्लं. लोणीची सुईण ही, चाळीस वर्षं बायकांची बाळंतपणं केली. रोज चादर नाकाला लावते आन् विचारते, उकळली का गं शीले? म्हणे, आमी बाळाचं फडकंसुदिक उकळल्याबिगर घेतलं न्हाई. मी म्हटलं, आजी, आता मशीन आलं, तुमचा जमाना गेला. तिनं तोंड फिरवलं. बस म्हणावं रुसून!

१७ एप्रिल
उद्या आमच्या गावची यात्रा. दुपारची एसटी गाठायची होती, भट्टी पेटवत बसले असते तर चुकलीच असती. दोन नंबरच्या सोमाजीबाबाला जुलाब, लाल पोतं गच्च भरलेलं. सगळं एकत्रच मशीनमध्ये कोंबलं आन् ओलसरच घड्या घालून वाटलं. सारजाबाईनं विचारलंच. उकळली, म्हटलं. एक दिवस नाही उकळली तर कोण मरतंय?

२४ एप्रिल
सारजाबाई गेली. जुलाबानं चार दिवसांत पार चिपाड झाली होती. काल चादर बदलायला गेले, तर माझं मनगट धरलं. म्हणाली, तू न्हाई उकळली. मी पुन्हा खोटं बोलले. मग ती हळूच म्हणाली, ऱ्हाऊ दे, आता मीच उकळून घेईन. कुंडलिकभाऊंना वाटलं, तापात बरळतेय. अंगाखालची चादर तिच्यासंगंच सरणावर गेली, माझ्या डोळ्यांदेखत. मला लई वाईट वाटलं. पण कुणाला काही बोलले नाही.

२९ एप्रिल
भर बाराचं ऊन. बाकीच्या चादरी पापडासारख्या वाळल्या. एकच ओली, टपटप गळतेय. कोपऱ्यात लाल नऊ, सरणावर जळालेलीच ती. दोरीवरून ओढली आन् भट्टीत घातली. राख होईपर्यंत उभी राहिले.

१ मे
पुन्हा दोरीवर. ओलीच. वासही तोच, जुलाबाचा. कुंडलिकभाऊंना ओढत नेऊन दाखवली, तर म्हणाले, दोरी रिकामी हाय की, ऊन लागलं का तुमाला?

३ मे
सोमाजीबाबा बरा होऊन अंगणात फिरतोय. जुलाब आता मला. अंथरूण सारखं ओलं. पातळाच्या पदरावर लाल दोरा, नऊ. पोलक्यावर पण नऊ. मनगटावर अजून एक दिसला, तो उसवायला गेले तर रक्त आलं. तिथं कापड नव्हतंच, नुसती कातडी —

५ मे
कबूल करते. मी नाही उकळली. यात्रेपायी नाही उकळली. कुंडलिकभाऊंना सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग म्हणाले, खोलीत एकट्या पडू नका. एकच खाट रिकामी होती —
नऊ नंबर.

६ मे, सकाळ
भट्टी धडधडतेय. पेटवली कुणी? कुंडलिकभाऊ डॉक्टरला आणायला मंचरला गेलेत. खाटेजवळ लाल पोतं. रिकामं. तोंड उघडं —

हात जोडले. आजी, चुकले, म्हटलं. ती म्हणते, एकदा तोंडानं सांग, घाणीचं कापड आदी कुटं जातं?

सांगितलं. हंड्यात.

पाय ओले. पोत्यात कधी —

हंड्यात कोपर बुडवून बघतेय. बाळाचं पाणी बघायची तसं. म्हणते, दम धर पोरी, अजून कढ आला न्हाई —

आता म्हणते आला —

आजी, मी कापड नाय, मी मा