लाल चाक, निळं चाक

१२ मे २०१५, मंगळवार

जिब्रानच्या पायाची दहाही नखं निळी! खिडकीच्या गजांचा ऑइलपेंट उरला होता, मी वाया कशाला घालवू? बसच्या टपावर घोरत पडला होता. उठला, वुजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला बसला, पाय बघितले — आणि जी बोंब मारली! नखावर रंग असला की पाणी लागत नाय. पाणी नाय तर वुजू नाय, वुजू नाय तर नमाज नाय. थिनर घेऊन घासत बसला. तोवर नमाज संपून मशीद रिकामी.

मामू भडकला. "ए तूबे, अल्लाच्या घराच्या कामाला आलीस की सर्कशीला? अजून एक खोडी कर, सीबला परत पाठवतो!"

सीब म्हणजे शहरातला मोठ्या खालाचा, मावशीचा फ्लॅट, तिची तीन कार्टी आणि माझी बारावीची पुस्तकं. दोनदा नापास — मी, पुस्तकं नाय.

इथे बरं आहे. मामू जहाजावरचा फिटर, आता रिटायर. जुनी कोस्टर बस घेतली, सीटा काढून झोपायला फळ्या ठोकल्या, शेगडी बसवली, पाण्याची टाकी बसवली. तिला गलबत म्हणतो. मामू, मामी, त्यांचा जिब्रान आणि मी. गावोगाव जायचं, छोट्या मशिदी फुकट दुरुस्त करायच्या. सवाब, सगळं पुण्य मामूला, भांडी मला! पण कधीकधी पाना हातात देतो. नळ बसवता येतो मला आता. एक थेंब गळत नाय.

१३ मे, बुधवार

सूरच्या रस्त्यावरचं गाव. ठरलेलं काम — पुरुषांच्या वुजूचे नळ, पंखे, रंग. शुक्रवारची जुम्म्याची नमाज झाली की पुढचं गाव.

पण बायकांच्या खोलीला कुलूप! सफूरा म्हणून अरबी म्हातारी आहे, तिची भाषा मला कळत नाय, रोज कहवा आणि खजूर आणते. आज चावी आणली नि मला हाताला धरून आत नेलं. छत अर्धं खाली. वायरी लोंबतायत. नळ गायब. कबुतरांची मजा! बायका मागे खजुरीखाली चटई टाकतात, ह्या उन्हात. सफूराने मोडकं छत दाखवलं. "रमजान?" मग परत, "रमजान, इन्शाल्ला?" रमजान तर महिन्यावर आलाय. मी नुसताच खजूर खाल्ला.

मामूला सांगितलं.

"ठरलंय तेवढंच काम."

"बघा तरी एकदा."

"बायकांच्या बाजूला पुरुष जात नाय, गो."

घ्या! आत जायचं नाय, म्हणून बघायचं नाय. बघितलं नाय, म्हणून मोडलेलं नाय!

मामीला म्हटलं, तुम्ही सांगा. ती तसबीची माळ ओढत होती, अंगठीचा चौकोनी खडा तळहाताकडे वळवून. "मोठ्यांचं ऐकायचं." झालं. मामी म्हणजे पट्टीने आखलेली बाई. तिला हसवून दाखवलं तर जिब्रान मला शावर्मा देणार, पैज आहे. चार महिने उपाशी आहे मी.

मग डोक्यात आलं! बायकांच्या अंगणात पाइपावर एक लाल चाक आहे. ते बंद केलं की नळ बंद. नळ बंद झाले की मामू लाइन शोधत शोधत आत येणारच!

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर सगळे मशिदीच्या टाकीकडे होते, जिब्रान तिथलं मेन चाक निळं रंगवत होता. मी फिरवलं लाल चाक. कर्रर्र! अंगभर घाम, हातभर गंज.

मामी गलबताच्या दारातच. "हात कसले गं?"

"गंज."

"हं."

दिवेलागणीला, मगरिबच्या आधी मामीच थिनर मागायला आली. "कशाला?" "तव्याला." तव्याला थिनर! भाकरी जपून खाल्ली.

१४ मे, गुरुवार

काल संध्याकाळ-रात्रीच्या नमाजा पाइपात उरलेल्या पाण्यावर निघाल्या. पहाटे फजरला सगळे नळ कोरडे! लोकांनी गलबताच्या टाकीतून वुजू केली. टाकी खलास, चहा नाय, मामूचं टाळकं गरम. उद्या जुम्मा, अख्खं गाव येणार! नळ खोलले, पाइप ठोकले; मशिदीच्या टाकीचं चाक ओल्या रंगाचं, त्याला कोणी हात लावला नाय. शेवटी म्हणाला, "लाइन आतनं जाते वाटतं."

बायकांच्या दारात उभा राहून खोकतोय, खोकतोय. "कोण हाय काय आत?" अहो मामू, दोन वर्षांत कोणी नाय! मान खाली घालून शिरला. मग मान वर केली.

कोपऱ्यात मुसल्ले, नमाजाच्या चटया होत्या, नीट घड्या घातलेल्या, वर कबुतरांची घाण. एक उचलली, झटकली, परत घडी घालून ठेवली. बाहेर येऊन म्हणाला, "जिब्रान, शिडी आण. सिमेंट काढ. पुढचं गाव थांबेल."

दाबून दाबून हसले!

असरला पाणी परत. मी तर लाल चाकाकडे फिरकलेच नव्हते. सफूराने उघडलं असेल.

१५ मे, शुक्रवार

जुम्मा मस्त झाला. त्यानंतर वाट लागली.

"पाइप फुटला नाय, काय नाय. आपोआप गेलं नि आपोआप आलं? कोणीतरी चाक फिरवलंय!" मामू जिब्रानवर घसरला. "तूच रंगवत होतास ना? अख्ख्या गावाला बिनपाण्याचं ठेवलंस!"

"अब्बा, कसम—"

बिचारा. नखं अजून निळसर. मला नाय बघवलं. "मी बंद केलं होतं."

मामू ओरडेल वाटलं. ओरडला नाय. "मशिदीचं पाणी तोडतात काय गो?"

ओरडला असता तर बरं.

उद्या मासेवाल्या जमालचा पिकअप सीबला जातोय. सुरमई, बर्फ आणि मी.

१६ मे, शनिवार

बॅग भरली. बायकांच्या खोलीत पंखा फिरतोय. नळ मी बसवले, पाना मामूने स्वतः दिला, पण तोंड फिरवून. सफूरा नळ उघडते, बंद करते, परत उघडते. ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला. मी रडले बिडले नाय. पाणी तिच्या हाताचंच होतं.

१६ मे, परत

थांब थांब थांब! जाता जाता लाल चाकाला सलाम ठोकायला गेले — अजून बंदच! मी ठेवलं तसंच! आणि नळ धो धो! मेलेली लाइन आहे ती, पाण्याशी संबंधच नाय!

पळत मशिदीच्या टाकीकडे. निळ्या चाकावर, रंगात, चार बोटं उमटलेली. एका बोटाखाली चौकोनी खड्याचा ठसा.

मामी गलबतात तसबी ओढत बसलेली. मी तिच्या अंगठीकडे बघितलं. तिने माझ्याकडे.

"बॅग परत तुझ्या फळीवर टाक."

"आणि मामू?"

"त्यांना सांगितलंय, हिला पाठवलंत तर जमालच्या गाडीत दोघींची जागा लागेल."

आणि हसली! दात दिसेपर्यंत हसली!

जिब्रान टपावर घोरतोय. शावर्म्याच्या पैजेला साक्षीदार एक नाय!