लेन्सचे तीन स्क्रू

३ ऑगस्ट
सकाळी सातला हाक! मला वाटलं, पडले की काय. कणकेच्या हातांनीच धावले. तर हे खुर्चीत, मांडीवर तो जुना रोलचा कॅमेरा. डाव्या हातानं लेन्स हलवून दाखवली. "ढिली झाली. कस."

मी कसू! चौतीस वर्षांच्या संसारात या कॅमेऱ्याला बोट लावू दिलं नाही. "तुये हात कणकेचे." आता लकव्यानं यांचा उजवा हात गेला, तेव्हा माझे कणकेचे हात चालतात.

५ ऑगस्ट
घड्याळवाल्या नत्थूजींकडून बारका पेचकस आणला. लेन्सच्या मागच्या रिंगला तीन स्क्रू — तांदळाच्या कणीएवढे. मी कसतेय, हे शेजारी बसून हुकूम सोडतायत. जीभ अडखळते, पण टोमणा अख्खा बाहेर पडतो. "हळू... आटे जातीन त्याचे." तास गेला. लेन्स घट्ट बसली. शाबासकी? नाव नको! मीही लगेच उठले. भाजी करपत होती.

६ ऑगस्ट
पुन्हा सैल. "तुले जमलंच नाई."

९ ऑगस्ट
तिसऱ्यांदा.

कसता कसता आई आठवली. देवळीला आमच्याकडे ती शेवटची आली होती तेव्हा मी म्हटलं होतं, आम्हा दोघींचा एक फोटो काढा. "रोल वाया नाई घालवायचा." आणि त्याच रविवारी शाळेतल्या स्काऊटच्या पोरांवर दोन रोल संपवले! मास्तर ना गावाचे! आईचा आणि माझा एकत्र एकही फोटो नाही.

कॅमेरा अंगणात भिरकावून द्यावासा वाटला. दिला नाही. कसला, ठेवला, धुणं भिजवायला गेले.

१२ ऑगस्ट
शौनकचा पुण्याहून फोन. "आई, बाबांचं मन रमतं ना त्यात, थोडं कर." थोडं! लेक म्हणून स्वतः ये म्हणावं. चौथ्यांदा कसून ठेवलाय.

१४ ऑगस्ट
पाचव्यांदा! आज पिशवीत टाकला तो कॅमेरा आणि थेट नत्थूजींचं दुकान गाठलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावून पाहिलं.

"वहिनी, आटे चांगले हायेत. तुमी कसता बी बराबर. हे आपोआप ढिले होऊन नाई राह्यले. कोणीतरी खोलून राह्यलं."

"घरात आम्ही दोघंच, नत्थूजी."

ते भिंग पुसत बसले. घरी येऊन लेन्स कसली.

१६ ऑगस्ट
बँकेत जाते म्हणून निघाले आणि बसस्टँडवरून मुद्दाम परत फिरले. खिडकीतून पाहिलं.

कॅमेरा दोन गुडघ्यांत धरलेला. डाव्या मुठीत पेचकस. तो घसरायचा, हे पुन्हा लावायचे. घामाघूम. स्क्रू हरवू नये म्हणून मांडीवर टॉवेल पसरलेला. सगळं कसं व्यवस्थित!

अंगाची आग झाली. इतके दिवस मला नालायक ठरवलं — आणि सैल करणारे हेच! आत गेले, पेचकस हिसकावला. त्यांनी मान खाली घातली. ताट वाढलं ते आपटूनच.

एवढा आकस? हात गेला त्याचा राग माझ्या हातांवर?

१७ ऑगस्ट
दुपारी भांडी आवरून समोर बसले आणि विचारलंच. "काऊन ढिले करता स्क्रू?"

कितीतरी वेळ नुसते ओठ हलत राहिले. मग म्हणाले, "काम झालं की... तू उठून जाते."

हे वाक्य माझं होतं, यांच्याबद्दलचं. चौतीस वर्षं मनात घोकलेलं, यांना कधी ऐकवलं नाही एवढंच.

आज मात्र उठले नाही.